बसणारें चाक आणि जुळणारें चाक

बैलगाडीचें चाक ज्या रीतीनें तयार होई, तींत चाक आणि धांव यांचीं मापें चुकण्यास फारसा वावच नसे. सुतारानें तुंबा, आरे व पुठ्ठे जुळवून लाकडी चाक उभें करावें. लोहारानें त्याच चाकाचा घेर मोजून त्याहून किंचित् आखूड अशी लोखंडी धांव घडवावी. मग ती गोवऱ्यांच्या आरांत लाल करून, उष्णतेनें फुगलेली असतांनाच चाकावर चढवावी आणि वरून पाणी ओतावें. धांव आकसे, सांधे आवळले जात, आणि ती धांव त्या एका चाकाचीच होऊन राही. मोटारीच्या चाकाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. त्याचा टायर एका कारखान्यांत होतो, रिम दुसऱ्या कारखान्यांत, गाडी तिसऱ्या; आणि या तिघांची गांठ पडते ती शहरांतल्या एखाद्या टायरच्या दुकानासमोर, केवळ आंकड्यांच्या भरंवशावर. आंकडे जुळले तर उत्तमच. परंतु ते जुळले नाहींत तरीहि चाक बहुतेक वेळां बसतें, नट आवळले जातात, गाडी दुकानापुढून निघून जाते. सारा धोका आहे तो या ‘बसण्यांत’.

चाकें किंवा टायर बदलण्याचा प्रसंग मोटारमालकावर दोन कारणांनीं येतो. एक कारण झिजेचें. दुसरें हौसेचें, आणि अलीकडे हें दुसरें कारण बरेंच बळावलें आहे. मोठें, चकचकीत, मिश्रधातूचें चाक आणि त्याभोंवतीं रबराची पातळ पट्टी, असा थाट दिसावयास झोकदार खरा. दुकानदारहि ‘एक साइझ वर चढवा, गाडीचा नूरच पालटेल’ असें सांगण्यास तयार असतो. त्याचें म्हणणें सर्वस्वी खोटें असतें असेंहि नाहीं. एकाच गाडीस एकाहून अधिक मापांचीं चाकें चालूं शकतात आणि खुद्द कारखानदारच तीं देतात. मारुतीच्या ‘स्विफ्ट’ गाडीचेंच उदाहरण घ्यावें. तिच्या कमी किंमतीच्या प्रकारांस १६५/८० आर १४ या मापाचे टायर येतात आणि वरच्या प्रकारांस १८५/६५ आर १५ या मापाचे. एक रिम चौदा इंची, दुसरी पंधरा इंची. रुंदींत वीस मिलिमीटरांचा फरक. तरी गाडी तीच. हें कसें जमतें तें एकदां ध्यानांत आलें म्हणजे कोणता बदल चालेल व कोणता नाहीं याची किल्ली हातीं येते.

त्यासाठीं टायरच्या अंगावरची ती अक्षरांची ओळ वाचतां आली पाहिजे. ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ हें वाचण्यास वाटतें तितकें अवघड नाहीं. १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरांत. ६५ म्हणजे रिमेच्या कडेपासून जमिनीला टेकणाऱ्या पृष्ठापर्यंतची टायरच्या भिंतीची उंची. ही मात्र मिलिमीटरांत नसून रुंदीच्या शेंकडेवारींत सांगितलेली असते. ‘आर’ हें टायर रेडियल बांधणीचा असल्याचें चिन्ह. आजच्या मोटारींचे टायर बहुतेक याच बांधणीचे असतात. १५ हा रिमेचा व्यास, तो मात्र इंचांत. एका ओळींत मिलिमीटर, शेंकडा आणि इंच असा त्रिवेणी संगम साधणारी दुसरी वस्तु बाजारांत क्वचितच सांपडेल. परंतु प्रघात पडला तो पडला. शेवटचे ८८ आणि एच हे भाराचे व वेगाचे संकेत. ग्राहकांचें सर्वांत कमी लक्ष त्यांच्याकडेच जातें. त्यांचा विचार पुढें येईलच.

आतां गणित. १८५ चे ६५ टक्के म्हणजे सुमारें १२० मिलिमीटर; ही भिंत वर एकदां व खालीं एकदां, म्हणजे २४० मिलिमीटर. तींत पंधरा इंच, म्हणजे ३८१ मिलिमीटर मिळविले कीं टायरसह चाकाचा एकूण व्यास येतो ६२१ मिलिमीटर, वर अर्धा. हाच हिशेब १६५/८० आर १४ चा केला तर ६१९ मिलिमीटर व वर कांहीं दशांश. रिम एक इंचानें वाढली खरी, परंतु भिंत तितकीच आखूड झाली; आणि एकूण व्यासांत दोन मिलिमीटरांहून अधिक फरक पडला नाहीं. गाडीला रिम दिसत नाहीं, भिंतहि दिसत नाहीं. तिला कळतो तो एकूण व्यासच. तो कायम राखून सोळा इंची रिम घ्यावयाची झाल्यास १९५/५५ आर १६ हें माप पुढें येतें. त्याचा व्यास भरतो सुमारें ६२१ मिलिमीटर. म्हणजे चाक ‘वर चढलें’, पण गाडी जेथल्या तेथेंच राहिली. शहाणपणाचा बदल तो हा.

आतां दुसरी बाजू पाहावी. पंधरा इंची रिम तीच ठेवून ‘जरा जाड’ टायर म्हणून कोणी २०५/६५ आर १५ घालून घेतला. रिमेचा आंकडा तोच, शेंकडेवारी तीच, म्हणून मालकास वाटतें कीं बदलली ती केवळ रुंदी. वस्तुतः ६५ टक्के हे आतां २०५ चे झाले! भिंत १३३ मिलिमीटरांची झाली आणि व्यास ६४७ च्या पुढें गेला. म्हणजे वाढ चार टक्क्यांहून अधिक. वेगमापकाला याची वार्ताहि नसते. तो चाकाचे फेरे मोजतो आणि जुन्याच परिघानें गुणतो. मूळ टायरवर जो कांटा खरा वेग दाखवीत होता तो आतां शंभरावर असतांना गाडी प्रत्यक्षांत एकशेचारांनीं धांवत असते. मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर दंड व्हावयास एवढें पुरेसें होईल. पण दंड ही त्यांतली किरकोळ गोष्ट होय. चाक तेरा मिलिमीटरांनीं वर आलें आणि दोहों बाजूंस दहा-दहा मिलिमीटरांनीं फुगलें. सरळ रस्त्यावर, एकट्या चालकासह, कांहींच कळत नाहीं. सहकुटुंब, सामानसुमानासह गाडी घाटांत शिरते, कमानी दबतात, वळणावर चाक पुरतें फिरतें, आणि मडगार्डाच्या आंतल्या अस्तराला किंवा शॉक-अॅब्सॉर्बरच्या तबकडीला टायर घांसूं लागतो. घांसण्याचा आवाज संगीताच्या आवाजांत बुडाला तर टायरची भिंत कापली गेल्याचें कळतें तें फुटल्यावरच.

एकूण व्यासांतला फरक शेंकडा तीनच्या आंत राहावा असा साधारण दंडक धंद्यांत पाळला जातो. चारहि चाकांना एकदम शक्ति पुरविणाऱ्या गाड्यांत तर चारहि टायरांचा घेर एकमेकांशीं शक्य तितका सारखा असावा लागतो. आजच्या मोटारींत ब्रेक अडकूं न देणारी आणि गाडी घसरतांना सांवरणारी जी यंत्रणा असते तीहि प्रत्येक चाकाचे फेरे मोजूनच आपले निर्णय घेते. पुढच्या व मागच्या चाकांचा घेर कारखानदारानें न योजतां भिन्न झाला तर तिच्या हिशेबांत खोट येते, आणि ती खोट नेमकी आणीबाणीच्या क्षणीं उपयोगास येते—म्हणजे अपायास.

व्यास कायम राखला तरी भिंतीच्या उंचीचा प्रश्न उरतोच. १८५/६५ आर १५ ऐवजीं २०५/४५ आर १७ घातल्यास व्यास एक टक्क्याहूनहि कमी बदलतो. गणिताला तक्रार नाहीं. परंतु भिंत १२० वरून ९२ मिलिमीटरांवर येते. एक इंचाहून अधिक हवेची उशी गेली. ही उशी म्हणजे कांहीं चैन नव्हे. १८८८ सालीं बेलफास्टमध्यें जॉन बॉइड डनलॉप यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवेची रबरी नळी गुंडाळली ती धक्का रस्त्यानें द्यावा आणि हवेनें सोसावा म्हणूनच. ती हवा कमी केली कीं धक्का पुढें सरकतो: रिमेला, बेअरिंगला, कमानीला आणि शेवटीं आंत बसलेल्या मनुष्याच्या मणक्याला. गुळगुळीत रस्त्यांच्या देशांत पातळ टायर वळणावर गाडीला घट्ट धरून ठेवतात हें खरें. श्रावणांतल्या मुंबईच्या रस्त्यावर, पाण्याखालीं दडलेल्या खड्ड्याच्या धारेवर तोच टायर आपटला म्हणजे भिंत रिम व डांबर यांच्या कात्रींत सांपडते. आंतले धागे तुटतात व बाहेर सुपारीएवढा फुगा दिसूं लागतो. असा फुगा आलेला टायर दुरुस्त होत नसतो; ‘चालवा, कांहीं होत नाहीं’ म्हणणाऱ्याच्या सल्ल्यानें तो चालवूं नये. मिश्रधातूची हलकी निकृष्ट रिम असल्यास तीहि चिरते, आणि बारीक चिरेंतून हवा रात्रभर हळूहळू निघून जाते. महाराष्ट्रांतल्या रस्त्यांचा विचार करतां रिमेंत एक इंचाची वाढ ही बहुतेक लहान गाड्यांना पुरेशी हौस होय; दोन इंचांची वाढ ही हौस राहत नाहीं, तो जुगार होतो.

एवढें झालें तें टायरचें. चाकाचें, म्हणजे धातूच्या रिमेचें, प्रकरण याहून अवघड आहे. कारण तेथें चूक डोळ्यांना दिसत नाहीं.

पहिली गोष्ट भोकांची. चार किंवा पांच बोल्ट ज्या कल्पित वर्तुळावर बसविलेले असतात त्या वर्तुळाचा व्यास हें चाकाचें एक मूळ माप. चार भोकांच्या चाकावर तो मोजणें सोपें. समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यबिंदूंतलें अंतर म्हणजेच तो व्यास. भारतांतल्या पुष्कळ लहान गाड्यांत तें १०० मिलिमीटर असतें. पुण्याजवळ रांजणगांवच्या कारखान्यांत एके काळीं तयार होणाऱ्या फियाटच्या ‘पुंटो’ गाडीचें मात्र ९८ मिलिमीटर. या गाड्या अद्याप रस्त्यावर आहेत आणि त्यांचीं मूळ चाकें सहजासहजीं मिळत नाहींत. त्यामुळें त्यांना शंभराचें चाक चढविण्याचा मोह होतो. दोन मिलिमीटर म्हणजे प्रत्येक बोल्टापाशीं अवघा एक मिलिमीटर. बोल्ट आंत जातोहि, आवळला जातोहि. परंतु बोल्टाच्या डोक्याखालचा उतार आणि भोकाची बैठक हीं एकमेकांवर सर्व बाजूंनीं टेकत नाहींत; बोल्ट एका अंगाला रेटला जाऊन तिरकस ओढला जातो. चाकाचा प्रत्येक फेरा म्हणजे त्या वांकलेल्या पोलादाला एक हेलकावा. हजारों फेऱ्यांत धातु थकतो. मग बोल्ट सैल होतो किंवा तुटतो. एका मिलिमीटराच्या चुकीनें धांवत्या गाडीचें चाक निखळावें हें ऐकणाऱ्यास खरें वाटत नाहीं. म्हणूनच ही चूक इतकी सर्रास होते.

दुसरी गोष्ट मध्यभागच्या मोठ्या भोकाची. बैलगाडीच्या तुंब्याचें जें स्थान तें मोटारींत हबचें. हबचा उंचवटा चाकाच्या मधल्या भोकांत नेमका बसतो आणि चाकाला गाडीच्या आंसाशीं एककेंद्र करतो. कित्येक लहान जपानी बांधणीच्या गाड्यांत हा उंचवटा ५४.१ मिलिमीटरांचा असतो. बाजारांत मिळणारीं मिश्रधातूचीं चाकें मात्र अनेक गाड्यांना लागूं पडावीं म्हणून ७३.१ मिलिमीटरांसारख्या ऐसपैस भोकाचीं केलेलीं असतात. मधल्या पोकळींत बरोबर मापाचें कडें घातलें नाहीं तर चाक केवळ नटांच्या भरंवशावर मध्य शोधीत राहतें. तें किंचित् बाजूला बसलें कीं ताशीं ऐंशीच्या पुढें सुकाणूचें चक्र थरथरूं लागतें. मालक तोल साधून घेण्यासाठीं पुनःपुन्हां दुकानाच्या पायऱ्या झिजवितो, वजनाच्या शिशाच्या पट्ट्या इकडून तिकडे होतात, आणि दोष असतो एका स्वस्त कड्याच्या अभावांत. उलट भोक उंचवट्याहून लहान असेल तर तें चाक मुळींच घेऊं नये. कानस लावून भोक मोठें करून देणारे कारागीर आहेत. त्यांच्या हातचें कसब दुसऱ्या कामासाठीं राखून ठेवलेलें बरें.

तिसरी गोष्ट चाकाच्या बसण्याच्या खोलीची. रिमेच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारा तिचा पृष्ठभाग यांतलें अंतर मिलिमीटरांत मोजून तें रिमेच्या आंतल्या अंगास ‘ई. टी.’ या अक्षरांपुढें कोरलेलें असतें. आंकडा जितका मोठा तितकें चाक गाडीच्या आंत, लहान तितकें बाहेर. मूळ रिम सहा इंच रुंद व ई. टी. ४५ असतांना कोणी सात इंच रुंद व ई. टी. ३५ ची रिम बसविली असें समजावें. रुंदी एक इंचानें वाढली, म्हणून प्रत्येक बाजूस सुमारें १३ मिलिमीटर. शिवाय चाक १० मिलिमीटरांनीं बाहेर सरकलें. बाहेरची कड एकूण २३ मिलिमीटरांनीं बाहेर आली. आंतली मात्र अवघी तीन मिलिमीटरांनीं आंत गेली. बाहेर आलेलें चाक रुबाबदार दिसतें. परंतु गाडीचा भार बेअरिंगच्या ज्या रेषेवर पडावा असें योजलेलें असतें ती रेषा सुटते, सुकाणू रस्त्यांतल्या प्रत्येक चरीबरोबर खेंचलें जातें, आणि मडगार्डाबाहेर डोकावणारा टायर चिखल व खडे मागच्या वाहनाच्या कांचेवर भिरकावीत राहतो. आंत फार सरकलेलें चाक ब्रेकच्या चिमट्याला किंवा कमानीच्या दांड्याला भिडतें. चाक बाहेर काढण्यासाठीं मध्यें धातूच्या चकत्या घालण्याचीहि एक युक्ति आहे. चकतीच्या जाडीइतकें नटाचें पकडीचें सूत कमी होतें. ज्या बोल्टावर नट साताठ वेढे फिरत होता तेथें तो तीन-चार वेढ्यांत थांबला तर ती पकड नव्हे, पकडीचा देखावा होय.

नटांच्या बैठकीचा आकार ही चौथी बाब. लहानशी, पण सोडून देण्यासारखी नव्हे. कांहीं नट शंकूच्या आकाराचे असतात, कांहीं गोलाकार. होंडाच्या मूळ चाकांना गोल बैठकीचे नट लागतात. बाजारी चाकांना बहुधा शंकूचे. गोल नट शंकूच्या भोकांत आवळला तर तो एका बारीक कडेवर टेकतो आणि पन्नास-शंभर किलोमीटरांत सैल पडतो.

आतां ते मागें ठेवलेले दोन संकेत. ८८ या भारांकाचा अर्थ तो टायर योग्य हवेच्या दाबावर ५६० किलो वजन पेलतो. ८२ म्हणजे ४७५ किलो, ८५ म्हणजे ५१५, ९१ म्हणजे ६१५. वर ज्या मापाची शिफारस झाली तें १९५/५५ आर १६ सर्वसाधारण बांधणींत ८७ भारांकाचें, म्हणजे ५४५ किलोंचें, मिळतें. व्यास जुळला, रुंदी वाढली, आणि तरी भार पेलण्याची शक्ति चाकामागें पंधरा किलोंनीं कमी झाली! गाडीच्या पुस्तकांत जो किमान भारांक दिला असेल त्याहून खालीं कधींहि उतरूं नये. गरज पडल्यास त्याच मापाचा अधिक भाराचा, ‘एक्स. एल.’ असें लिहिलेला टायर मागावा, आणि त्याला कोष्टकाप्रमाणें लागणारा वाढीव दाबहि द्यावा. दुसरा संकेत वेगाचा: एस म्हणजे ताशीं १८० किलोमीटर, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०. एवढ्या वेगानें कोण जाणार, असें म्हणून हा संकेत हंसण्यावारी नेण्याची चाल आहे. तो केवळ वेगाचा परवाना नव्हे. वेगानें निर्माण होणारी उष्णता टायर कोठवर सोसतो याचें तें माप होय.

ही उष्णतेची गोष्ट नागपूर-मुंबई समृद्धि महामार्गानें महाराष्ट्रास चांगलीच पटवून दिली. डिसेंबर २०२२ मध्यें त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग खुला झाला. मोटारींना ताशीं १२० किलोमीटरांची मुभा, तासन्‌तास न थांबतां जाणारा सरळ सिमेंटचा रस्ता आणि वर विदर्भाचा उन्हाळा. टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या येऊं लागल्या, आणि २०२३ सालीं प्रवेशाच्या नाक्यांवर वाहनांचे टायर तपासून झिजलेल्या टायरांचीं वाहनें परतविण्याची पाळी परिवहन खात्यावर आली. लोकांनीं दोष सिमेंटला दिला. परंतु टायर तापतो तो मुख्यतः स्वतःच्याच वांकण्यानें. हवा कमी, वजन अधिक, वेग अधिक, अशा वेळीं भिंत प्रत्येक फेऱ्यास दबते आणि सुटते. तारेचा तुकडा पुनःपुन्हां वांकविला असतां जसा गरम होतो तशी ती आंतून तापते. उन्हाळ्यांत हवा फुगते म्हणून दोन पौंड कमीच भरावी हा समज म्हणूनच उलटा आणि घातक आहे. दाब नेहमीं टायर थंड असतांना, चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटविलेल्या पट्टीप्रमाणें भरावा. तीच पट्टी टायरचीं मान्य मापेंहि सांगते. दुकानांत जाण्यापूर्वीं ती वाचावी, आणि दुकानदार तिच्याहून वेगळें कांहीं सांगूं लागला तर त्याच्याकडून आंकडे कागदावर लिहून घ्यावे. आंकडे लिहून देण्यास जो कचरतो त्याच्याकडून चाक घेऊं नये.

कायद्याचें म्हणणेंहि याच अंगाचें आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम, नोंदणीपत्रकांतला तपशील कारखानदाराच्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल असा बदल करण्यास मनाई करतें. आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें या कलमाचा अर्थ कडकपणेंच लावला. कारखानदारानें त्याच गाडीच्या दुसऱ्या प्रकारास दिलेलें माप निवडणाऱ्याचा पाया त्या मानानें भक्कम राहतो. मापाबाहेर गेलेल्याला अपघातानंतर विमा कंपनीच्या प्रश्नांना उत्तरें देतांना अडचण पडण्याचा संभव असतो.

झिजेपुरताच टायर बदलावयाचा असेल तर काम पुष्कळच सोपें. मोटारीच्या टायरवरच्या खांचा १.६ मिलिमीटरांहून उथळ झाल्या कीं तो कायद्यानेंच बाद ठरतो. खांचांच्या तळाशीं तेवढ्या उंचीचे लहान उंचवटे मुद्दाम ठेवलेले असतात, ते पृष्ठभागाशीं समपातळींत आले म्हणजे मोजपट्टीचीहि गरज नाहीं. पावसाळ्यासाठीं मात्र इतकी वाट पाहणें बरें नव्हे. कारण खांचेचें काम पाणी बाहेर फेंकण्याचें, आणि उथळ खांचेंत तेवढें पाणी मावत नाहीं. नवा म्हणून मिळणारा टायर खरोखरीच किती नवा आहे हें त्याच्या भिंतीवरच्या चार आंकड्यांवरून कळतें: ३६२२ असें असेल तर तो २०२२ च्या छत्तिसाव्या आठवड्यांत तयार झाला. भारतीय मानक संस्थेची आय. एस. आय. खूणहि तेथेंच पाहावी. दोनच टायर बदलावयाचे झाल्यास नवी जोडी मागें घालावी. हें ऐकून पुष्कळांना नवल वाटतें; सुकाणू पुढें, इंजिनहि बहुधा पुढें, मग नवे टायर मागें कां? ओल्या रस्त्यावर पुढचीं चाकें घसरलीं तर गाडी वळावयाची तितकी वळत नाहीं आणि चालक आपोआप वेग कमी करतो; मागचीं चाकें घसरलीं तर गाडी भोंवऱ्यासारखी फिरते, आणि तिला सांवरणें सराईताच्याहि हाताबाहेरचें असतें.

नवीं चाकें चढविल्यावर दुकानाच्या दारांतच दोन परीक्षा घ्याव्या. सुकाणू एकदां पूर्ण डावीकडे व एकदां पूर्ण उजवीकडे फिरवून टायर आणि भोंवतालचे भाग यांमध्यें सर्वत्र बोट जातें कीं नाहीं तें पाहावें. मग मागच्या आसनावर तीन माणसें बसवून तेंच पुन्हां पाहावें. नट समोरासमोरच्या क्रमानें आणि मोजणीच्या पान्यानें, गाडीच्या पुस्तकांत दिलेल्या जोराइतके आवळून घ्यावे. हवेच्या बंदुकीनें ‘कडक’ केलेला नट पुरेसा आवळला कीं अति आवळला हें कोणासच ठाऊक नसतें. पन्नास ते शंभर किलोमीटर गाडी चालल्यावर ते पुन्हां एकदां तपासावे, कारण नवीं चाकें बैठकीवर स्थिरावतांना नट थोडे ढिले पडूं शकतात.

आणि स्टेपनी विसरूं नये. वेल्समधल्या लानेली गांवच्या स्टेपनी रस्त्यावर १९०४ सालीं निघालेल्या सुट्या चाकाच्या धंद्यानें हा शब्द जगाला दिला. तेथें तो लोक विसरले, भारतांत मात्र घरोघरीं राहिला. चारहि चाकें बदलून झालीं तरी मागच्या पेटींतलें तें पांचवें चाक जुनेंच असतें: लोखंडी, मूळ मापाचें, कांहीं गाड्यांत मुळांतच लहान आणि ताशीं ८० किलोमीटरांची मर्यादा छापलेलें. त्याचा घेर नव्या चाकांशीं मिळता आहे कीं नाहीं हें आधींच पाहून ठेवावें. त्याहून महत्त्वाचें म्हणजे मिश्रधातूच्या नव्या चाकांबरोबर आलेले नट या लोखंडी चाकाच्या बैठकींत बसतीलच असें नाहीं. रात्रीं घाटांत, पावसांत, चाक बदलावयास उतरलेल्या कुटुंबप्रमुखाला हा शोध लागूं नये. म्हणून दुकानांत जुने नट मागून घ्यावे, ते फडक्यांत बांधून स्टेपनीजवळच ठेवावे, आणि घरांतला जो कोणी गाडी चालवीत असेल त्या प्रत्येकास ते कोठें आहेत तें दाखवून ठेवावें.